आवाज ठिपक्यापर्यंतच

हे खरं घडलंय. माझ्याच घरात.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही दुपारची आहे. रविवार, चार वाजून दहा मिनिटं. बाहेर लख्ख ऊन होतं, गॅलरीत कपडे वाळत होते आणि समोरच्या गच्चीवर कुणीतरी सायकल धूत होतं.

त्यामुळे "अंधारात भास झाला असेल" असं मला कुणी सांगू नये.

अंधार नव्हताच.

आधी घरातली माणसं सांगते. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. पुढे काउंटरवर नाही, मागच्या खोलीत. नंबराच्या काचा फ्रेमच्या मापात घासायच्या. अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला की काच बसत नाही. एकवीस वर्षं हेच करतेय. लग्न वगैरे राहूनच गेलं.

घरात मी आणि माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते छापखान्यात मशिनवर होते. चौतीस वर्षं त्या धडधडाटात उभं राहून कान अधू झालेले. शेजारी बसून "अण्णा, चहा ठेवू?" विचारलं तर म्हणायचे, "कोण आलंय?"

आणि दादा. माझा मोठा भाऊ. तो एका सभागृहात साउंडचं काम बघायचा. नाटकं, भाषणं, गाण्याचे कार्यक्रम. तीन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं. आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होता. नवव्या दिवशी गेला.

आई आम्ही शाळेत असतानाच गेली होती. म्हणजे उरलो आम्ही दोघं.

आता जे सांगणार आहे ते सांगायला जड जातंय, पण ते गाळलं तर बाकीचं कळणार नाही.

मला दादाचा हेवा वाटायचा.

लहानपणापासून. मोठी खोली त्याची. नवी सायकल त्याची. अण्णा त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला जायचे. शेवटच्या रांगेत बसायचे. त्यांना स्टेजवरचं एक अक्षर ऐकू यायचं नाही. ते स्टेजकडे बघायचेच नाहीत. मान वळवून मागे बघत बसायचे, मुलगा बटणं कशी फिरवतो ते.

माझं दुकान त्या सभागृहाच्या अलीकडे दोन गल्ल्या. त्यांच्या रस्त्यातच.

कधी पायरी चढले नाहीत.

त्यांच्या नाकावरचा चष्मासुद्धा मी बनवलेला. माप मी घरी, जेवायच्या टेबलावर घेतलं. चष्मा घालून ते पहिल्यांदा काय म्हणाले असतील? "अरे, दादाचे केस पिकायला लागले की."

असो.

दादाची एक सिस्टिम होती. अॅम्प्लिफायर, सीडी प्लेअर आणि कमरेएवढे दोन स्पीकर. स्पीकरची लाकडी खोकी त्यानं स्वतः बनवलेली. पुढच्या खोलीत भिंतीला लागून मांडलेली. मला हात लावायची परवानगी नव्हती.

"बुटके, लांबून ऐक," म्हणायचा.

बुटकी हे नाव फक्त त्याचं. बाकी घरात आणि बाहेर मी छकू. चाळिशी ओलांडली तरी छकूच.

गाणं किती मोठ्यानं लावायचं, यावरून आमची रोज वाजायची. मला मोठं आवडायचं. फरशीतून तळपायाला कळलं पाहिजे असं. तो म्हणायचा, "घरात गाणं लावलं की दुसऱ्या खोलीतून कुणी हाक मारली तर ऐकू आली पाहिजे. त्याच्या वर गेलं की ते गाणं राहत नाही."

बोलून थांबला नाही. व्हॉल्यूमच्या बटणाशेजारी, अॅम्प्लिफायरच्या काळ्या पट्टीवर, त्यानं व्हाइटनरचा एक ठिपका दिला. बटणाची रेघ ठिपक्याला टेकली की बस. त्याच्या पुढे जायचं नाही.

तो गेल्यावर अण्णांनी सिस्टिमवर चादर टाकली. दीड वर्षं तशीच होती.

मग एका रविवारी मीच ती काढली. धूळ पुसली. नाचाची गाणी लावली आणि बटण ठिपक्याच्या पुढे, बरंच पुढे नेलं.

खोटं कशाला बोलू? बरं वाटलं.

आता हे माझं, असं वाटलं.

चहा टाकायला आत गेले. दूध वर येईपर्यंत तिथेच उभी होते. फरशी पायाखाली थरथरत होती.

आणि मग... थरथरायची थांबली.

गाणं चालू होतं. पण लांबून आल्यासारखं.

बाहेर येऊन बघितलं. रेघ ठिपक्यावर. बरोब्बर ठिपक्यावर. माझी नजर अशा बाबतीत चुकत नाही, तोच माझा धंदा आहे.

"अण्णा, आवाज तुम्ही कमी केलात?"

अण्णा गॅलरीत होते. कुंड्यांना पाणी घालत होते. दोन्ही हात ओले.

"काय?" म्हणाले.

मी विषय सोडून दिला.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. मी समोर बसले की बटण जागचं हलायचं नाही. आत गेले, नुसती पाठ वळवली, की आवाज कमी. एकदा मी दुकानातून कागदी चिकटपट्टी आणली. काचेवर खुणा करायला आम्ही वापरतो ती. बटणावरून आडवी घट्ट लावली. बाथरूमला जाऊन आले...

पट्टी अॅम्प्लिफायरच्या कडेला चिकटवलेली होती. सरळ. कुठे सुरकुती नाही, कुठे फाटलेली नाही.

मी अॅम्प्लिफायर उचलून रेडिओवाल्या काकांकडे नेली. बाजारात त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे, दादाचे ते जुने ओळखीचे. त्यांनी झाकण उघडलं, बटण शंभरदा फिरवलं, कान लावून ऐकलं.

"काही झालेलं नाही याला," म्हणाले. "हे हातानं फिरवायचं बटण आहे. रिमोट नाही, मोटार नाही. कुणी फिरवल्याशिवाय कसं फिरेल?"

"तेच विचारतेय काका."

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घरी अण्णा असतात ना?"

मी म्हटलं, हो.

तिथून पुढे गोष्ट वेगळ्याच रस्त्याला लागली. कारण आता अण्णाच दुपारी सिस्टिम लावायला लागले.

मी रोज साडेतीनला घरी येते. बघावं तर ते दादाच्या खुर्चीत बसलेले. व्हायोलिनची सीडी चालू. आवाज ठिपक्यावर. म्हणजे इतका हळू, की मलाच लक्ष देऊन ऐकावं लागायचं. आणि हा माणूस, ज्याला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, तो मान डोलवत बसलेला.

"अण्णा, ऐकू येतं का तुम्हाला एवढ्यात?"

"सगळं येतं," म्हणाले.

मला पहिल्या हाकेला उत्तर दिलं त्यांनी. हे कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

नंतर ते बोलायला लागले. मी स्वयंपाकघरात असायचे आणि पुढून त्यांचा आवाज यायचा. "हो." "नाही रे, आता दुखत नाही." "ती? ती आत्ताच आली दुकानातून."

पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारपण. एकटा माणूस बोलतो स्वतःशी.

मग एका मंगळवारी मी ओट्यापाशी कांदा चिरत होते. पुढे व्हायोलिन. अण्णा काहीतरी म्हणाले आणि हसले. आणि त्या व्हायोलिनच्या खालून...

दुसरं कुणीतरी हसलं.

हळूच. घशातल्या घशात.

सुरी हातातच राहिली. मी दबकत पुढच्या खोलीच्या दारात गेले.

अण्णा एकटे होते. फक्त व्हायोलिन वाजत होतं. पण त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ना, ते मी विसरणार नाही. दोघं बोलत बसलेत आणि तिसरं माणूस मध्येच आलं की बघतात, तसं बघितलं.

"काही हवंय का तुला?" म्हणाले.

मला भीती वाटायला हवी होती. तुम्हाला वाटली असती. मला काय वाटलं सांगू?

मेला तरी सगळं दादाचंच.

तीन वर्षं यांचं दुखणंखुपणं मी बघतेय. पथ्यपाणी, डॉक्टर, रात्रीचं उठणं, सगळं मी. आणि गप्पा मारायला तो. हसायला तो. मी खोलीत पाऊल टाकलं की दोघं गप्प.

त्यानंतर मी चोरून ऐकायला लागले. दाराआड उभी राहायचे. शब्द कळायचे नाहीत, नुसता सूर. पण एवढं नक्की, सूर दोन होते. मी जवळ गेले की एकच. मी खुर्चीशेजारी जाऊन बसले तर कुणी बोलायचंच नाही. अण्णा चुळबुळत राहायचे, मी कधी उठते याची वाट बघत.

एकदा विचारलंच. "दादा येतो का?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. "तुला ऐकू नाही येत?" एवढंच म्हणाले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर... अभिमान होता. लहान मुलाला एकट्यालाच खाऊ मिळाल्यावर असतो ना, तसा.

"माझ्याबद्दल काही विचारतो?"

त्यांनी नजर वळवली. "नाही. तसं काही नाही."

त्या रात्री मी जेवले नाही.

आता तो रविवार.

चार वाजता मी पुढच्या खोलीत गेले. अण्णा खुर्चीत, व्हायोलिन चालू. मी सीडी बदलली. नाचाची गाणी घातली आणि बटण फिरवत नेलं, ते अडेपर्यंत.

खिडकीच्या काचा वाजायला लागल्या.

अण्णांनी कानावर हात ठेवले. ते काहीतरी सांगत होते. मला ओठ दिसत होते. "कमी कर." मग "तो काहीतरी सांगतोय, कमी कर."

"सांगू दे की," मी म्हटलं. माझं मलाच ऐकू आलं नाही.

मी त्यांच्याकडे पाठ करून अॅम्प्लिफायरसमोर उभी राहिले आणि बटण मुठीत धरून ठेवलं. बघू आता कोण कमी करतं.

एक गाणं संपलं. दुसरं सुरू झालं.

आणि मग... बटण हललं.

माझ्या मुठीत. हळूहळू, डावीकडे. झटका नव्हता. कुणीतरी समजुतीनं फिरवत होतं. मी जोर लावला आणि उजवीकडे ओढलं. ते पुन्हा डावीकडे.

आम्ही लहानपणी टीव्हीच्या बटणावरून असेच भांडायचो. तो जोर कमी लावायचा, मला दुखू नये म्हणून. मग मला आणखी राग यायचा.

मी दोन्ही हातांनी धरलं.

किती वेळ, सांगता येणार नाही. सहा गाणी झाली हे नंतर कळलं. पुढे पुढे तो जोर वाढला. इतका, की माझी बोटं पांढरी पडली. आता समजूत नव्हती त्यात. घाई होती. मला वाटलं, चिडला. चिडू दे.

मग एकदम बटण ढिलं पडलं.

सोडून दिलं त्यानं.

मी जिंकले. आयुष्यात पहिल्यांदा. हसत मागे वळले, अण्णांना सांगायला.

खुर्ची रिकामी होती.

आवाज बंद केला. कानात नुसतं शीळ घातल्यासारखं झालं होतं. त्यातून दार ठोठावल्याचं ऐकू आलं. धाडधाड, मघापासून चालू असावं तसं.

खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली होती. महिनाभरापूर्वीच राहायला आलेली. धापा टाकत होती.

"अहो, काय हे? बाथरूममधून केव्हाचे हाका मारतायत."

अण्णा बाथरूमच्या फरशीवर पडलेले होते. आवाज सहन होईना म्हणून आत गेले, पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं होतं. ओरडून ओरडून घसा बसला होता. मला बघून त्यांनी डोळे मिटून घेतले.

अॅम्ब्युलन्स येईपर्यंत शिवणकामवाली माझ्यासोबत थांबली. बाई चांगली. अण्णांच्या डोक्याखाली तिनं स्वतःची ओढणी ठेवली. मग इकडे तिकडे बघून म्हणाली, "ते दुसरे कुठे गेले?"

"कोण दुसरे?"

"दोघं हाका मारत होते ना. हे छकू, छकू करत होते. आणि ते दुसरे, जरा तरुण आवाज..." ती आठवायला लागली. "ते बुटके म्हणत होते. बुटके, अगं बुटके. सारखं. रडकुंडीला आल्यासारखं. माझ्या बाथरूमच्या वरच ना तुमचं, सगळं खाली येतं."

ती महिनाभरापूर्वी आलेली. दादाला तिनं बघितलेलं नाही. ते नाव तिला कुणी सांगितलेलं नाही.



अण्णांचं ऑपरेशन झालं. दीड महिन्यानं घरी आले. आता मागच्या खोलीत पलंगावर असतात. काठी धरून चार पावलं टाकतात. त्या दिवसाबद्दल मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्या दिवशी म्हणाले, "सिस्टिम लाव. ठिपक्यावर."

मी लावली. मधली दारं उघडी ठेवली. व्हायोलिन संपेपर्यंत ते छताकडे बघत पडले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

आठवड्यानं म्हणाले, "नाही बोलत तो."

मी सिस्टिम विकायला काढली होती. त्यांनी विकू दिली नाही. रोज चारला लावायची, हे ठरलेलं. मी लावते, पुढच्या खोलीत दहा मिनिटं बसते, बंद करून मागे येते. मला काही ऐकू येत नाही. शपथ घेऊन सांगते, काहीही नाही.

पण गेल्या महिन्यात मी मागे आले तर अण्णा उशीवरून मान उचलून बघत होते.

"काय म्हणाला?"

"कोण?"

"लपवू नकोस. तुझ्याशी बोलत होता. तू हसलीस मघाशी, मी ऐकलं."

मी हसले नव्हते. तोंड उघडलं नव्हतं. मी बसल्या बसल्या दुकानातल्या एका फ्रेमचा विचार करत होते.

तेव्हापासून रोज हेच. काय म्हणाला? माझं नाव काढलं का? मी नाही म्हटलं की भिंतीकडे तोंड करतात. जेवत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं ते मला चांगलं ओळखू येतं.

मागच्या गुरुवारी मला ते बघवेना. हवा गार होती. त्यांच्यासाठी कपाटातून गरम काहीतरी काढावं असं मनात होतं. ते विचारायला लागले आणि मी तोंडाला येईल ते सांगून टाकलं.

"स्वेटरचं विचारत होता."

अण्णांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.



"कुठल्या?"

"पिवळ्या," मी म्हटलं. पिवळा का म्हटलं, मला माहीत नाही. आमच्या घरात पिवळा स्वेटर नाही.

अण्णांनी पांघरूण छातीशी ओढलं. आवाज फाटला होता. "शेवटच्या रात्री थंडी वाजतेय म्हणाला. तो पिवळा स्वेटर नाटकातल्या कुणीतरी त्याला दिला होता, सभागृहात त्याच्या कपाटात असायचा. म्हटलं, सकाळी घेऊन येतो. घरी आलो, जरा पडलो... नऊला जाग आली."

मी त्यांचा हात धरला.

"हे मी कुणाला सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "रागावलाय का तो?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, अण्णा."

त्यांनी हात हळूच सोडवून घेतला. भिंतीकडे वळले.

"मग हे तुला का सांगितलं? मला का नाही?"



आजही चारला सिस्टिम लावली. बटण ठिपक्यावर होतं, मी नीट बघितलं. खोलीत कुणी नव्हतं. दहा मिनिटं बसले, बंद केली.

ऐकू काही आलं नाही. ते अजूनही येत नाही.

पण हल्ली मागच्या खोलीत जाताना, अण्णांनी विचारायच्या आधीच... माझ्या तोंडात एक वाक्य तयार असतं.